उसनी थंडी

तोआ पायोह, १६ नोव्हेंबर २०२५

संजू,

मोठ्या बहिणीनं आशीर्वादानं सुरुवात करायची असते, म्हणून आशीर्वाद. झालं, आता कामाचं वाच.

तू मला फोनवर ब्लॉक केलंयस, तेव्हा कागदाला पर्याय नाही. कुरियरवाला लामधारपर्यंत चढत नाही, खालच्या बाजारातच पाकीट टाकून जातो, हे मला ठाऊक आहे. हेमचंद्र भाजीला उतरतील तेव्हा आणतील. नाही आणलं तरी माझं काही अडत नाही. अडलंय ते तुमचं.

झालं असं, की गुरुवारी तुआसला ऑफिसात माझ्यापुढे एक चौकशी आली. उत्तराखंडातलं गाव, स्कीचा एकच उतार, दोन हिवाळे धड बर्फ पडला नाही, तिसराही कोरडा जाणार असं दिसतंय, तरी बर्फ तयार करणाऱ्या यंत्रांबद्दल कळवावे. खाली तुझ्या नवऱ्याचं नाव. बिचाऱ्या हेमचंद्रना काय माहीत, की आमच्या कंपनीचं कुठलं यंत्र कुठल्या डोंगरावर जायचं ते त्यांची मेहुणी ठरवते! मी ते दोनदा वाचलं, पॅन्ट्रीत गेले आणि कॉफी करता करता एकटीच हसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ना? मी गाढव तर गाढव. धरा पाय.

आठवतं का, माझ्याच घरात माझाच चहा पिताना तू काय म्हणाली होतीस? "ताई, मशीनचा बर्फ म्हणजे प्लॅस्टिकचा मोगरा. दिसतो छान, वास नाही." श्रीनिवास केवढे हसले होते. स्वतःच्या बायकोच्या पोटापाण्याची थट्टा चाललीय, तरी हसले. तुझ्या बोलण्यावर सगळेच हसतात, अगदी लहानपणापासून. मग आता का गं लागला प्लॅस्टिकचा मोगरा?

आडपडदा ठेवत नाही. दोन तोफा पाठवते. आम्ही त्यांना स्नो गन म्हणतो, पण दिसतात तोफेसारख्याच. एक हंगाम चाचणी म्हणून, फुकट. कंपनीला नव्या जागी यंत्रं चालवून बघायचीच असतात. मला फक्त तुझी मैत्रेयी हवी. अठराची झाली आता. तिनं इथे यावं, माझ्याजवळ राहावं, माझ्या हाताखाली काम शिकावं. तुझ्याकडे राहून काय करणार ती? गेस्ट हाउसच्या पाहुण्यांचे ओले बूट वाळत घालील.

आणि यात वावगं काय आहे? ती नऊ वर्षांची असताना तू कंबर मोडून दिल्लीच्या हॉस्पिटलात पडली होतीस, तेव्हा वर्षभर तिला कुणी सांभाळलं? वेणी मी घातली. शाळेच्या बसपर्यंत मी सोडलं. ताप आला तेव्हा उशाशी मी बसले. मला मावशी म्हणता म्हणता माई म्हणायला लागली होती. मग तू बरी झालीस आणि काठी टेकत चांगी विमानतळावर उगवलीस. पोरगी माझा हात सोडून धावली ती धावलीच, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. आणि तिला घेऊन परत जाताना तू म्हणालीस, "ताई, तुझं घर छान आहे, पण थंड आहे गं." सिंगापुरात! बाहेर घामाच्या धारा लागलेल्या असताना! ते वाक्य काळजात रुतून बसलंय माझ्या.

नंतर मी तुमच्याकडच्या सरकारी ऑफिसात एक अर्ज केला, की मुलीकडे नीट लक्ष दिलं जातं का ते बघावं. काळजीपोटीच. माणसं आली, चहा पिऊन गेली. तेवढ्यावरून सख्ख्या बहिणीला ब्लॉक करतात का?

विचार कर. देवाचा बर्फ आपसूक पडला तर प्रश्नच मिटला.

शुभदाताई


तोआ पायोह, ७ डिसेंबर

संजू,

पडला नाही ना?

हेमचंद्रांचं उत्तर आलं. यंत्रं पाठवा, मुलीचं मागाहून बोलू. सरळ माणूस आहे, मागाहून बोलू म्हणणं म्हणजे हो म्हणणं, हे त्याला कळत नाही. तोफा पोचल्यासुद्धा. सोबत आमचा रुचिर आलाय, आपल्या पुण्याचाच आहे, कर्वेनगरचा. अंगावर तीन स्वेटर चढवून फिरतोय म्हणे. तू त्याला पहिल्याच दिवशी पिठलं-भात घातलास आणि हसवून हसवून बेजार केलंस, असं फोनवर सांगत होता. माझ्याबरोबर तो सहा वर्षं काम करतोय, एकदा हसलेला मला आठवत नाही.

त्याच्याकडून तुझा निरोप मिळाला: "ताईला म्हणावं, आधी बर्फ होऊ दे, मग बघू." हा होकार की नकार? मी होकार धरते.

रुचिरला तू विचारलंस म्हणे, की तुमच्याकडे रात्री एवढी थंडी असते, तरी यंत्र चालू करायला का थांबायचं? अगं, नुसती थंडी पुरत नाही, कोरडी थंडी लागते. आई हलवा करायची ते आठव. परातीत तीळ, खाली मंद शेगडी, पाकाचा थेंब थेंब टाकत बोटांनी हलवत बसायची. प्रत्येक थेंबाला तीळ जरा जाडा व्हायचा. हवा कोरडी असली की काटा फुटायचा, मळभ आलं की हलवा गुळगुळीतच राहायचा आणि आई आपल्यावर चिडायची. तोफेचंही तेच. पाण्याचा बारीक तुषार, आत बर्फाचा एक कण, त्या कणावर पाणी गोठत जातं. तुमचा देवाचा बर्फ ढगातून सावकाश येतो, म्हणून पिसासारखा. आमचा झाडाच्या उंचीवरून पडतो, म्हणून भगरीसारखा. पण पडतो. हाच तर मुद्दा आहे.

त्या वर्षी मी आणि मैत्रेयीनं इथे हलवा केला होता, हे तुला तिनं सांगितलं होतं का? सिंगापूरच्या दमट हवेत काटा फुटणं शक्यच नाही. आम्ही बेडरूमचा एसी अठरावर ठेवला, दाराच्या फटीला टॉवेल लावला, इलेक्ट्रिक शेगडी घेतली आणि स्वेटर घालून बसलो दोघी. काय काटा आला होता! मैत्रेयी टाळ्या पिटत नाचली होती. थंडी उसनी होती, पण काटा खरा होता.

शुभदाताई


तोआ पायोह, २८ डिसेंबर

संजू,

बघितला पट्टा. तुझ्या पिवळ्या पडलेल्या डोंगरावर पांढरीशुभ्र पट्टी, वरपासून खालपर्यंत. तुम्हाला तिथे दिसते तशीच मला इथे तुआसमध्ये दिसते, कारण तोफांच्या खांबावर कॅमेरा आहे आणि तोफा चालू-बंद करायचं काम इथूनच होतं. रुचिर फक्त नळ्या जोडतो आणि तुझ्या हातचं जेवतो.

मंगळवारी सकाळी तू एकटीच आलीस. इकडेतिकडे बघितलंस. मग वाकून मूठभर बर्फ उचललास, वास घेतलास आणि फेकून दिलास. मी बघत होते गं! मी चहाचा कप खाली ठेवून बघत होते. तुझे केस पांढरे झाले, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हेमचंद्रांच्या तक्रारी पोचल्या. तोफा गावच्या तळ्याचं पाणी पितात. पट्टा टणक आहे, पोरं पडली की गुडघे फुटतात. खऱ्या बर्फानं डोंगर ओला राहतो, झरे चालतात, सफरचंद धरतं, याचा काय उपयोग? सगळं खरं आहे. मी कधी नाही म्हटलं? पण नाचता येईना अंगण वाकडं, तसं करू नका. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात राज्याची निवड शर्यत तुमच्या उतारावर आहे. दोन वर्षं बर्फाअभावी रद्द झाली. यंदाही झाली तर ती कायमची दुसरीकडे जाणार, आणि तिच्यामागोमाग पाहुणे, शाळेच्या सहली, गावातल्या प्रत्येक चुलीवरचं भांडं जाणार. हे तुमच्याच अर्जात लिहिलंय. ती शर्यत झाडाखालच्या झऱ्यावर होणार आहे का?

मैत्रेयी मात्र त्या टणक पट्ट्यावरून काय उतरते! गुडघे वाकवून, अंग चोरून, एकदम वाऱ्यासारखी. ती आली की मी खुर्ची स्क्रीनजवळ ओढते. ही निवड शर्यत जिंकायचं तिच्या मनात बारा वर्षांची असल्यापासून आहे ना? रुचिर सांगत होता. इथल्या मुलींना मी सांगते, ती बघा, ती आमची.

तर मग, कधी पाठवतेस?

शुभदाताई


तुआस, ९ जानेवारी २०२६

संजू,

कुरियरला वेळ नाही, म्हणून या पानाचा फोटो रुचिरला पाठवतेय. जेवायला सगळे बसले असताना मोठ्यानं वाचून दाखव, असं त्याला बजावलंय. नोकरीचा प्रश्न असल्यामुळे तो वाचेल. रुचिर, थांबू नकोस, पुढे वाच.

तुझा निरोप मिळाला: "पोरगी म्हणजे काय तोफेचं भाडं आहे? ने तुझ्या तोफा." वा! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

आता योगायोग बघ. तुझा निरोप आला आणि मंगळवारपासून तोफा बंद पडल्या. दोन्ही. सेन्सरमध्ये काहीतरी बिघाड आहे, इथून दुरुस्त करावा लागेल, आणि इथे माणसं कामात आहेत. यंत्र आहे, रुसतं कधीकधी. तोवर दुपारचं ऊन पट्टा खातंय, मला कॅमेऱ्यात दिसतंय. मधोमध गवत वर आलंय. शर्यतवाले पाहणीला येतील तेव्हा त्यांना गवत दाखवा.

मी मैत्रेयीसाठी इथल्या ट्रेनिंगच्या पासचं, म्हणजे परवान्याचं, काम करून ठेवलंय. सतरा तारखेच्या आत रुजू व्हावं लागेल. सतरा म्हणजे सतरा, अठरा चालणार नाही. शर्यत झाल्यावर पाठवते वगैरे मला सांगू नकोस. गरज सरो नि वैद्य मरो, हे मी तुझ्याबाबतीत एकदा अनुभवलंय.

हेमचंद्र सकाळ-संध्याकाळ आभाळाकडे बघत बसतात म्हणे. बसू देत. आमच्याकडे हवामानाचे अंदाज विकत घेतलेले असतात, नवा आजच सकाळी आलाय. त्यात तुमच्या उपयोगाचं काही नाही.

मैत्रेयी पानावर बसली असेल तर तिनंही ऐकलं असेल. बरंच झालं. तिचं गाव आहे, तिलाही कळायला हवं कोणामुळे काय अडलंय.

शुभदाताई


तोआ पायोह, १४ जानेवारी, संक्रांत

संजू,

तिळगूळ घे. गोड बोलू नकोस, सवय नाही तुला.

काल मैत्रेयीनं फोन केला. स्वतःहून. तुला सांगून केला की न सांगता, मी विचारलं नाही. तिचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मागाहून मी पोरीला फूस लावली म्हणायला नको.

"मावशी, मी आले तर तोफा चालू होतील?"

"अगं, तोफांचा नि तुझा काय संबंध? बिघाड आहे."

"मी आले तर बिघाड दुरुस्त होईल?"

मी म्हटलं, होईल.

"रेस इथेच व्हायला हवी. मी नसले तरी चालेल. बाबा रात्रभर झोपत नाहीत."

"तू शहाणी आहेस बाळा," मी म्हटलं.

"सतरा ना? ठीक आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. रडली नाही, भांडली नाही. तुझ्यापेक्षा कितीतरी समजूतदार आहे, कुणावर गेली कोण जाणे.

तोफा काल संध्याकाळपासून चालू आहेत, बघितल्याच असशील. श्रीनिवास सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीत. "शुभदा, हे बरं नाही केलंस," एवढं म्हणाले आणि मंडळाच्या हळदीकुंकवाला मला सोडायलाही आले नाहीत. मी एकटी बसनं गेले. तिथे सगळ्यांना सांगितलं, माझी भाची येतेय कायमची.

सोबत हलवा पाठवतेय. एसीतला आहे. काटा बघ कसा फुटलाय. तुमच्या खऱ्या थंडीत असा येतो का, सांग.

शुभदाताई


तोआ पायोह, १९ जानेवारी

संजू,

पोचली. चांगीला मी दोन तास आधीच जाऊन उभी होते, त्याच दाराशी. एक पाठपिशवी घेऊन आली, स्की आणलेच नाहीत. म्हटलं, अगं, आणायचे होतेस, इथे आमच्या बर्फाच्या हॉलमध्ये चालले असते. म्हणाली, "कशाला?" मला वाकून नमस्कार केला. मी मिठी मारली तर उभीच राहिली, थंडगार. प्रवासानं दमली असेल.

तू तिला सोडायला बसपर्यंत आली नाहीस म्हणे. हेमचंद्र आले, तू खोलीचं दार लावून बसलीस. का गं? दारात आडवी पडली असतीस तर तिला जाता आलं असतं का? मी तुझ्या जागी असते तर पाय धरून बसले असते. तू साधं अडवलंसुद्धा नाहीस. हे मी म्हणत नाही, विमानतळावरून येताना टॅक्सीत ती म्हणाली: "आईनं अडवलं नाही." खिडकीबाहेर बघत म्हणाली, एवढंच.

तिच्यासाठी मी सगळं तयार ठेवलं होतं. तीच खोली, तीच निळी चादर, एसी अठरावर. थंडीची सवय आहे ना तिला. तर ही चटई घेऊन हॉलमध्ये खिडकी उघडून झोपली, घामाघूम. सकाळी खाली हॉकर सेंटरला जाऊन श्रीनिवासांबरोबर टोस्ट खाऊन आली. मी केलेले पोहे डब्यात तसेच. लागेल सवय हळूहळू. नऊ वर्षांची असतानाही पहिला आठवडा अशीच करायची.

शुभदाताई


तोआ पायोह, २५ जानेवारी, रथसप्तमी

संजू,

शेवटी पडला म्हणायचा तुझा देवाचा बर्फ. बावीस तारखेला रात्री सुरू झाला तो दोन दिवस थांबला नाही. तोफांवरचा कॅमेरा काल पूर्ण पांढरा झाला होता.

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझा आवाज ऐकला, श्रीनिवासांच्या फोनवर. साधं "ताई, कशी आहेस" नाही. "पाठव तिला परत! कमरेएवढा पडलाय. तुझ्या तोफा गाडल्या गेल्या, ये आणि उकरून ने. गुरुवारी रेस आहे, आज बसली विमानात तर पोचेल." ओरडत होतीस. मी फोन लांब धरला होता, तरी ऐकू येत होतं.

मी म्हटलं, संजू, ठरलं ते ठरलं. तिलाच विचार.

तुझ्या पोरीनं फोन घेतला. "आई, बर्फ कसाय?" तू काहीतरी बोललीस, रडत होतीस बहुतेक. "छान. रेस नीट करा," म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. बघ. मी जबरदस्ती केली का? तिकीट काढून देते म्हणायला मी तोंड उघडणार होते, खरंच. तिनंच विचारलं नाही.

तुला वाटत असेल पोरगी झुरतेय. मुळीच नाही. तुआसला रोज माझ्याबरोबर येते. काय झटकन शिकते! पाण्याचा दाब, हवेतली ओल, तोफ कधी चालवायची, कधी थांबवायची. शुक्रवारी तिला हवामानाचे अंदाज वाचायला शिकवले. मी बोलते ते सगळं लक्षात ठेवते.

आज तिला हलवा दिला. हातात घेऊन बघितला. "काटे मस्त आलेत, मावशी," म्हणाली. खाल्ला नाही. पण बोलली तर खरं.

शुभदाताई


तोआ पायोह, ८ फेब्रुवारी

संजू,

शाल पांघरून लिहितेय. भर दुपारी, सिंगापुरात. मैत्रेयीनं हॉलचा एसी अठरावर ठेवलाय आणि माझ्या खोलीचाही. म्हटलं, अगं, माझे सांधे धरतात. म्हणाली, "थंडी आपला धंदा आहे ना, मावशी?" श्रीनिवास पुस्तक घेऊन खाली व्हॉइड डेकला, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, जाऊन बसतात, जेवायलाच वर येतात.

तुला सांगितलं नव्हतं ते सांगते, कारण तुला कुठून तरी कळणारच. त्या शुक्रवारी तिला अंदाज शिकवताना माझी जीभ घसरली. घसरली कसली, मिरवायला गेले. कॅमेऱ्यात बर्फ पडताना दिसत होता आणि मला राहवेना. म्हटलं, "बघ, हा अंदाज आपल्याला नऊ तारखेलाच आला होता. बावीसला सुरू, दोन दिवस, कमरेएवढा. एका दिवसाचासुद्धा फरक नाही! आहे की नाही आपलं काम?" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तिनं विचारलं, "नऊ तारखेला?" मी हो म्हटलं. "वा," म्हणाली. मला वाटलं कौतुक केलं.

शर्यत तिनं तुआसमध्ये बघितली, माझ्याच स्क्रीनवर, जेवणाचा डबा समोर घेऊन. खरा बर्फ, भुसभुशीत, ऊन पडलेलं. ती क्षिप्रा पहिली आली, खालच्या गावातली, जिला मैत्रेयी दर वेळी मागे टाकायची. तू वर झेंडे लावत होतीस. मैत्रेयीनं एक घास खाल्ला नाही. शर्यत संपल्यावर डब्याचं झाकण लावलं.

"तुला नऊ तारखेला माहीत होतं."

मी म्हटलं, अंदाज चुकतातसुद्धा गं.

"एका दिवसाचा फरक नाही, तू म्हणालीस. तू त्याच दिवशी रुचिरकडून ते पत्र वाचून घेतलंस. मी तेवीसपर्यंत थांबले असते तर यावंच लागलं नसतं. रेसही माझी होती, गावही, आईही."

ओरडली असती, हातातलं काही फेकलं असतं तर बरं झालं असतं गं. माझी तयारी होती. नुसती खुर्ची सरकवून म्हणाली, "चल, पुढचं शिकव."

परवा मी लाज सोडून विचारलं. "मी तुला जरासुद्धा आवडत नाही का गं?" नऊ वर्षांची असताना ती मला माई म्हणायची हेही बोलून दाखवलं. तिनं लॅपटॉपवरून मान वर केली. "आवडायचं ठरलं नव्हतं, मावशी. यायचं ठरलं होतं. मी आलेय." आणि परत काम करायला लागली.

रुचिरचा फोन होता. हेमचंद्र कबूल करतात म्हणे, की खाली आपला टणक थर होता म्हणून वरचा खरा बर्फ टिकला, बाजूच्या गवतावरचा तर आठवड्यात वितळून गेला. पुढच्या हिवाळ्यासाठी तोफा राहू द्याल का, असं विचारत होते. मी ठेवणार होते, संजू. आईशपथ ठेवणार होते. मैत्रेयी समोरच बसली होती. म्हणाली, "काढून आणू या. चाचणी संपली. पुढच्या वर्षी पुन्हा मागतील, तेव्हा बघू काय देतात ते."

तुझं गाव आहे ते, मी ओरडले. म्हणाली, "माहितीये."

हे बोलणं माझं आहे. ओळखलंस ना? आवाजसुद्धा माझाच होता. माझ्या अंगावर काटा आला. मला माझ्यासारखी नको होती गं. मला तुझ्यासारखी हवी होती. या घरात कुणीतरी तुझ्यासारखं खळखळून हसावं, श्रीनिवासांनी तसं हसावं, मीही हसावं, एवढ्यासाठी मी हे सगळं केलं. आणि जी आली ती मीच आहे, अठरा वर्षांची, माझ्यापेक्षा हुशार.

तू म्हणालीस ते खरं होतं. घर थंड आहे. ये आणि घेऊन जा तिला. मी सांगून ती जात नाही, तिकीट दिलं तर टेबलावर तसंच पडून राहतं. तुझं कदाचित ऐकेल. दार लावून बसलीस त्याबद्दल तिच्यापुढे रड, पाया पड, काहीही कर, तिला हसव. तुला जमतं ते. या खेपेला गाढव तू हो, पाय मी धरते.

तुझी,
शुभा

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात मैत्रेयी आली. "आईला आहे? मग हेही त्यातच घाल, कुरियर वाचेल." तोफा काढून नेण्याचं पत्र आहे, कंपनीच्या कागदावर. मी सही करत नव्हते, म्हणून तिनं वरच्या साहेबांकडून करून आणली. सतरा तारखेच्या आत उतार मोकळा करून द्यायचाय. मी म्हटलं, अगं, जरा पुढची तारीख घाल, त्यांना माणसं मिळायला हवीत. म्हणाली, "सतरा म्हणजे सतरा, मावशी. अठरा चालणार नाही."